आबांच्या पहिल्या घागरीला गिटार

आजोबांवर, म्हणजे उखर्डू आबांवर, गाणं करायचं हे अभिमननं जळगावच्या कचेरीत डबा खाता खाता ठरवलं. ठरवून गप्प बसला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण ठरवलेलं चारचौघांत सांगून टाकायची त्याला खोड होती. संध्याकाळपर्यंत कचेरीला कळलं, घरी गेल्यावर बायकोला, प्रमिलाला, आणि रविवारी असोद्याच्या भिकनकाकांना. "या आखाजीला आबांची पहिली घागर आहे ना, त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर मी गाणं म्हणणार. माझं स्वतःचं. गिटारवर." काकांच्या तोंडात पान होतं म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. अभिमननं तो होकार धरला.

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. घरातलं माणूस गेलं की येणाऱ्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, कावळ्याला घास ठेवायचा. आबांच्या घराण्याचा नियम असा, की पहिल्या घागरीच्या घासाला कावळा शिवल्याशिवाय खाली एकाच्याही वाटीत आमरस पडायचा नाही.

गिटार अभिमननं युसूफभाईंकडून घेतली होती. लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणारे युसूफभाई. त्यांनी त्याला तीन कॉर्ड शिकवले. चौथा विचारला तर म्हणाले, "पहले ये तीन तो बजाव, अभिमनभाऊ." (या गोष्टीला चार वर्षं झाली होती.)

आबा होते तोवर अभिमन दर शनिवारी असोद्याला जाई आणि आबा जेवायला बसले की ओट्यावर गिटार काढी. पहिला सूर निघाला की आबा राहिलेली भाकरी भराभर तोंडात कोंबत, हात धूत आणि "केळीले पाणी देतो" म्हणून शेताकडे निघत. "भरून येतं त्यांना," अभिमन प्रमिलाला सांगे. "माणसांसमोर रडणारा माणूस नाही तो."

आबांनीच त्याला सायकलच्या दांडीवर बसवून जळगावच्या शाळेत नेऊन घातलं होतं. आणि आबा गेले त्या दिवशी हा कचेरीच्या कामाला धुळ्याला. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. हे त्याला फार लागलं होतं. गाणं त्यासाठी होतं, बाकी सगळा बडेजाव वरवरचा.

गाणं तीन महिन्यांत तयार झालं.

"आबा, तुम्ही गेले, सुनं झालं धाबं,
मोटेचं पाणीसुद्धा रडत उभं राबं..."

"आपल्या विहिरीवर तर मोटर आहे," प्रमिला म्हणाली.

"मोटर गाण्यात बसत नाही."

"आणि पाणी उभं राहून राबतं कसं?"

"गाण्यात राबतं," अभिमन म्हणाला आणि त्यानं दुसरं कडवं घेतलं. कडवी एकूण सात होती.

आखाजीला असोद्याच्या अंगणात पन्नास माणूस जमलं. आबांची लेक बेबाआत्या माहेरी आली होती, सोनगीरहून काकांचे साडू निंबानाना आले होते. घागर पुजली गेली. काकांनी शिडीवरून जाऊन धाब्याच्या कडेला पुरणपोळीचा घास ठेवला. आधी कावळा, मग गाणं, मग पंगत, असं ठरलं होतं. ऊन असं की गिटारच्या तारा आपोआप उतरत होत्या. (असं अभिमनचं म्हणणं.)

शेजारच्या कडुनिंबावर कावळा बसलेला होता. बसूनच राहिला. एक वाजला, दीड वाजला.

"आबाची काही इच्छा राहिली असंल," कोणीतरी म्हणालं. मग काकांनी हात जोडून वर पाहिलं. "आबा, विहिरीजवळचं वावर विकणार नाही." कावळ्यानं पंख खाजवला. "म्हाताऱ्या बैलाला बाजारात नेणार नाही." कावळ्यानं तोंड फिरवलं. बेबाआत्यानं धाकट्या जावेशी बोलायचं कबूल केलं. तिला ते फार जड गेलं, पण कावळा हलला नाही.

"बठ्ठा उपाशी शेतस, भो," निंबानाना कळवळून म्हणाले. सगळेच उपाशी होते, पण त्यांना रसाचा वास सहन होत नव्हता.

तेव्हा प्रमिला पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आबा, यांची गिटार मी माळ्यावर टाकते. हे पुन्हा गाणार नाहीत."

कावळा फांदीवरून उडाला आणि थेट धाब्यावर येऊन बसला.

अंगणात सुटकेचा श्वास पसरला. पण कावळा घासापासून वीतभर अंतरावर थांबला आणि मान तिरपी करून खाली पाहू लागला.

"त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे," काका म्हणाले. "बोल बाबा, गाणार नाही म्हण."

पन्नास माणसं अभिमनकडे पाहत होती. आबांचा निरोप घ्यायचा राहिला होता, आणि आता आबांच्याच शपथेवर गाणंही सोडायचं? "म्हणतो," तो म्हणाला, "पण आधी एकदा गातो. आबांसाठी. मग काय करायचं ते करा." आणि कोणी हात धरायच्या आत त्यानं तार छेडली.

"आबा, तुम्ही गेले, सुनं झालं धाबं..."

दुसरी ओळ यायच्या आत कावळ्यानं घासावर झडप घातली. गपागप दोन घास गिळले, उरलेली पोळी चोचीत कोंबली आणि केळीच्या शेताकडे उडून गेला.

अभिमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पाहिलंत? आबांना गाणं पोहोचलं."

बेबाआत्याही पदरानं डोळे पुसत होती. "पोहोचलं रे बाळा," ती म्हणाली, "तो आबाच होता, मला काही शंका नाही. तू वाजवायला लागला की असाच कोंबून कोंबून खाये अन् वावरात पळी जाये. जाता जाता मला म्हणे, बेबा, पोऱ्याला सांगू नको, मन दुखंल त्याचं."

अंगणात कोणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष रसाच्या पातेल्याकडे होतं. उरलेलं सगळं गाणं पंगतीत म्हणावं असा अभिमनचा विचार होता, पण प्रमिलानं गिटार केव्हाच धान्याच्या कोठीमागं नेऊन ठेवली होती.

महिन्याभरानं निंबानानांचं पोस्टकार्ड आलं. अभिमननं ते कचेरीत मोठ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खिशात घातलं. त्यात लिहिलं होतं: "वडिलांचं वर्षश्राद्ध येत्या सोमवारी सोनगीरला आहे. कावळ्याचा भरवसा नाही, तरी आपण गिटार घेऊन अवश्य यावे. पहिली ओळ पुरे. जेवायला थांबण्याचा आग्रह नाही."