पिवळा भात

पुंजाजीच्या हरभऱ्यावर घाटेअळी पडली, तेव्हा शेतकी खात्याचा कामदार रमाकांत गावातच मुक्कामाला होता. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारचे ते दिवस. धाडच्या आसपासच्या गावांसाठी खात्याने त्या साली एक बक्षीस ठेवले होते. विषारी औषध न वापरता जो हरभरा अळीपासून राखील, त्याला लोखंडी नांगर.

पुंजाजीला तो नांगर हवाच होता. त्याचा लाकडी नांगर तीन ठिकाणी तारेने बांधलेला होता, आणि दर उन्हाळ्यात त्याला शेजारच्या रंगरावाकडे नांगर मागायला जावे लागे. रंगराव नांगर द्यायचा, पण त्याआधी शेती कशी करावी यावर पाऊण तास बोलायचा. एकदा ऐकता ऐकता पुंजाजीला ओसरीवर झोप लागली. रंगरावाने त्याला उठवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

"उपाय सोपा आहे," रमाकांत म्हणाला. "भात शिजवून शेतात टाका. भात खायला पाखरं येतील, अळ्या बघतील आणि भात विसरतील."

रमाकांत भंडाऱ्याकडचा. तिकडे भात रोज शिजतो. पुंजाजीच्या गावात रोजची ज्वारीची भाकर, आणि भात सणाला नाहीतर पाहुण्याला. तो वावरात फेकायचा हे ऐकून पुंजाजीची बायको झुंबरबाईने तांदळाचे गाडगे पदराआड घेतले.

"पोळ्याले मले घासभर भात आला नवता," ती म्हणाली. "आता साळुंक्या जेवतीन."

"नांगर भेटन ना वं."

"अन् दवात पांढरा भात पाखराईले दिसन कसा? थोडी हळद टाकू त्याच्यात."

ही सूचना पुंजाजीला फार शहाणपणाची वाटली. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच वावराच्या चारही कोपऱ्यांत पिवळ्या भाताचे ढीग ठेवले. त्या दिवशी अमावास्या होती. खात्याच्या पत्रकात तिथीचा उल्लेख नव्हता.

हरभऱ्याचे शेंडे खुडायला बायका आल्या. पुढे मनकर्णाबाई होती. भात पाहताच तिने उचललेला पाय मागे घेतला.

"हा तं उतारा हाय. घरची पीडा ओवाळून टाकली कोनीतरी."

"उतारा नाही, बाई. पाखराचं जेवण हाय," पुंजाजी म्हणाला.

"हळदीचं?"

"दिसाले पायजे म्हणून."

"अवसेच्या दिवशी?"

पुंजाजी बोटांवर तिथी मोजेपर्यंत बायका गावात पोचल्या होत्या.

दुपारी रंगराव आला आणि बांधाच्या आपल्या बाजूला उभा राहिला.

"काऊन बे पुंजाजी, तुह्या अळ्या माह्या वावरात धाडून राह्यला का?"

"शेतकीवाल्यानं सांगतलं, रंगराव."

"सरकार आता करनी शिकवून राह्यलं?"

"इचार ना त्याले."

रंगरावाने जाऊन विचारले. रमाकांतने त्याला धीर दिला की पाखरे आली की अळ्या जातील.

"जातीन कुठं?"

"पोटात."

रंगराव पोटावर हात धरूनच घरी आला.

पुंजाजीने शेरभर भात टाकला होता. रंगरावाने संध्याकाळी आपल्या बांधावर उलटा उतारा म्हणून दोन शेर टाकला, तोही पिवळा, वर दही आणि चार लिंबे. सकाळी पुंजाजीची झाडून सगळी पाखरे रंगरावाच्या हरभऱ्यात होती. पुंजाजी बांधावरून त्यांना हाका मारत होता, आणि तो काय पुटपुटतो आहे ते रंगराव लांबून टिपत होता.

रंगरावाच्या पलीकडे किसनरावाचे वावर. रंगरावाने परतवलेली अळी आता आपल्याकडे येणार, हा हिशेब त्याला लगेच जमला. त्याने तीन शेर टाकला. त्याच्या पलीकडच्याने चार. आठ दिवसांत गावची सगळी शीव पिवळी झाली. तांदूळ धाडच्या बाजारातून आणावे लागले, आणि गावातली हळद संपल्यामुळे एक लग्न पुढे ढकलावे लागले. पाखरे मात्र कुठून कुठून आली. बगळे आले, साळुंक्या आल्या, आणि एक मोर किसनरावाकडे राहायलाच आला.

नवव्या दिवशी शेतकीचे मोठे साहेब पाहणीला आले. पुंजाजीची तक्रार करायची असे ठरवून गाव चावडीपुढे जमले होते. साहेब म्हणाले, आधी वावरे पाहू. मग सगळे त्यांच्या मागून निघाले.

साहेबांनी प्रत्येक शेतात वीस झाडे चादरीवर झटकायला लावली. पुंजाजीच्या हरभऱ्यात दोन अळ्या निघाल्या. रंगरावाच्या हरभऱ्यात एक. पुंजाजीने डोळे मिटले. येत्या उन्हाळ्यातला पाऊण तास त्याला आताच ऐकू येऊ लागला.

किसनरावाकडे दोन, पलीकडे दोन. बांधाबांधावरचा पिवळा भात पाहून साहेबांनी वही मिटली.

"साऱ्या गावानं एकच उपाय केला, असं मी प्रथमच पाहतो. सुरुवात कोणी केली?"

गाव याच प्रश्नाची वाट पाहत होते. सगळी बोटे एकदम पुंजाजीकडे वळली. रंगरावाचे सर्वांत आधी.

"यानंच, साहेब," रंगराव म्हणाला. "याच्यापायी आमाले सगळ्याइले करा लागलं."

"दुसऱ्याला श्रेय देणारी माणसं आहेत," साहेब रमाकांतला म्हणाले, आणि नांगर पुंजाजीच्या घरी पोचवायला सांगून निघून गेले.

पुंजाजीची करणी साहेबावरही चालते, एवढा बोध गावाने घेतला.

वैशाखात रंगरावाचा नांगर मोडला. दोन दिवस वाट पाहून तो पुंजाजीच्या ओसरीवर आला. झुंबरबाईने चहा दिला. लोखंडी नांगर समोरच होता, पण रंगराव त्याला हात लावेना.

"याच्यावर काही केलं तं नाही ना, पुंजाजी?"

पुंजाजीने गेल्या सगळ्या उन्हाळ्यांचा विचार केला.

"केलं हाय थोडं," तो म्हणाला. "पण नांगर नेताना, हाकताना अन् आणून देताना जो तोंडातून शब्द काढत नाही, त्याले नाही बाधत."

रंगरावाने मान हलवली आणि मुकाट्याने नांगर उचलला. दोन दिवस त्याने एक शब्द न बोलता वावर नांगरले. बैल मात्र दर तासाला थांबून मागे वळून पाहत होते.