दत्तूमामांचा अंधार

दत्तूमामा गल्लीत कुणालाच नावानं हाक मारत नाहीत. दिव्याच्या वॅटनं मारतात. समोरचे पाटील म्हणजे "पाचशेचा हॅलोजन". शेजारच्या काकू "चाळीसची ट्यूब". मी त्यांची भाडेकरू, म्हणून "झिरोचा बल्ब". खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "अंगणात उजेड पडला, तर सामान भाईर!"

सातवीत शाळा सुटलेली मी, भंडाऱ्याहून कोल्हापुरात वसतिगृहाच्या चपात्या लाटायला आलेली. एकट्या बाईला खोली देणाऱ्याशी उजेडावरून भांडायची छाती कुठली?

हा सगळा त्रागा एका फोटोसाठी. मामा गॅरेजात मिस्त्री होते. आता अंगणात दुर्बीण. आकाशाबरोबर सरकावी म्हणून तिला भंगारातल्या वायपरची मोटर जोडलेली. देवयानी नावाची दीर्घिका आहे, म्हणजे आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा. तिचे भोवऱ्यासारखे पदर त्यांना फोटोत हवे होते. त्यासाठी दोन-दोन मिनिटांचे शंभर फोटो काढून एकावर एक रचायचे. मध्येच कुणी दिवा लावला की गेलं सगळं.

"अवो हॅलोजन! म्हशीला पेपर वाचायचाय व्हय?" मामा कुंपणावरून गरजायचे. "पंचवीस लाख वर्सं चालून उजेड माझ्या दारात येतोय, आनी तुमी त्याच्या तोंडावर बॅटरी मारताय!"

"देवयानीला म्हणावं, धार काढून हुईस्तवर थांब की जरा!" पाटीलही कमी नव्हते.

कार्तिकातली अमावस्या आली. आभाळ लख्ख. पुढं उसाचा पाला पेटवायला लागले की धुरात काही दिसणार नव्हतं. मामांनी घरोघर दम दिला, "आज दिवा लावंल त्याचा मीटरच उपटतो!"

नेमकी त्याच रात्री माझी बस बंद पडली. फोनचं चार्जिंगही संपलं. हायवेवरून चालत आले. कोपऱ्याअलीकडच्या खांबावरचा दिवा मामांनीच भांडून बंद करवलेला. अंधारात गटारात पाय गेला, गुडघा फुटला. पहिल्यांदाच डोकं फिरलं. सामान बाहेर तर बाहेर, आज म्हाताऱ्याला सोडायचं नाही!

लंगडत कोपरा वळले आणि डोळेच दिपले. दारोदार दिवे. पाटलांचा हॅलोजन रस्त्याकडं वळवलेला.

"आली गं बाई!" काकू धावल्या. "नवाला येतीस, साडेधा झाले. मामांनीच दारं बडवून दिवे लावायला लावले. पाटलांच्या गाडीवर बसून आतल्या रस्त्यानं तुला हुडकायला गेल्यात."

तेवढ्यात गाडी आलीच. मामा उतरले ते ओरडतच. "फोन कशाला हाय गं? पापड भाजायला? तुझ्या आईला काय सांगनार हुतो मी?"

माझा राग कुठं गेला कळलंच नाही.

"मामा, तुमचा फोटो..."

"गप बस! गुडघा दाव. अवो ट्यूब, हळद आना की लवकर!"

अंगणात दर दोन मिनिटांनी कॅमेरा टक् करत होता. झगझगीत उजेडात एकामागून एक पांढरेफटक फोटो निघत होते. कॅमेरा बंद करायचं मामांना सुचलंच नव्हतं.