दहावाले खांबेटे

राजा मरायला टेकला होता. छातीत कट्यार, मांडीवर मुकुट, पाचव्या अंकाचा शेवट. तीनशे माणसं श्वास रोखून बसलेली. तेवढ्यात सगळ्यात वरच्या पायरीवर एक गृहस्थ उठून उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दहा वाजले. नोंद असावी."

मरणाऱ्या राजाने एक डोळा उघडला. तीनशे माना मागे वळल्या. मी आमच्या नाट्यमंडळाचा नवाकोरा चिटणीस, विंगेत उभा होतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही हा नियम मला माहीत होता, पण राजाचे शेवटचे चार श्वास बाकी असताना तो कोणी बजावेल ही कल्पना नव्हती. माईक बंद केला. राजा उरलेलं आपल्या घशाने मेला.

हे खांबेटे. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या मंडळात त्यांचा उल्लेख 'दहावाले' असाच होत आला. रागात असलो तर त्यापुढे आणखी एखादा शब्द लागायचा, तो इथे छापण्यासारखा नाही.

आमचा महोत्सव दर मे महिन्यात असतो. टेकडीच्या पायथ्याशी एका शाळेमागे बारा दगडी पायऱ्यांचा खुला रंगमंच आहे. तिथे आठ दिवस आठ जुनी नाटकं होतात. दिवसभर तापलेले दगड संध्याकाळी सातला बसणाऱ्याला खालून शेकतात, म्हणून लोक घरून उशी आणतात. खांबेटेही आणायचे. त्यांच्या उशीवर नाव आणि दूरध्वनी क्रमांक शिवलेला होता. ती कोणी का चोरेल, असं मी एकदा विचारलं. "चोरायची कशाला, विसरेन मी. तुम्ही सगळ्यांना चोर समजता काय?" असं त्यांनी मलाच सुनावलं.

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. मंडईत जाताना पिशवीत स्वतःचं अर्धा किलोचं पितळी वजन असायचं. भाजीवाल्यांच्या तराजूत ते आधी हे वजन ठेवत, मग भेंडी. आमच्या मध्यंतरात बटाटेवडा मिळतो. तो त्यांनी तळहातावर दोनदा उडवला आणि मला लेखी कळवलं की वडा गतवर्षीपेक्षा हलका आहे. मी चिडून खरंच वजन केलं. हलका होता. मी हबकलो, आणि वडेवाला माझ्याहून जास्त.

पत्रांना ते जावक क्रमांक घालत. त्यातलं एक मी अजून जपून ठेवलं आहे. झालं असं की, खांबेट्यांना चुकवायचं म्हणून एका वर्षी आम्ही नाटक साडेसहालाच सुरू केलं. मे महिन्याचं लख्ख ऊन, आणि पहिल्याच प्रवेशात भूत येतं. भुताचं काम करणारे आमचे कुलकर्णी घामाने इतके निथळत होते की पुढच्या पायरीवरच्या एका बाईंनी त्यांना पाण्याची बाटली देऊ केली. भुताने ती घेतली. दुसऱ्या दिवशी पत्र आलं: "भूत उन्हात आणल्याची नोंद घेतली आहे." बाकी मजकूर नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सात. मग दुसरी युक्ती केली. दहाला पाच कमी असताना मंडळाच्या दोघांनी त्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं. खांबेट्यांनी चहा घेतला, आभार मानले, कप ठेवला, आत येऊन म्हणाले, "दहा वाजले."

मला खरा धक्का या गोष्टीचा होता की हा माणूस एकही नाटक चुकवत नसे. तिकीटविक्री सकाळी नऊला सुरू व्हायची, हे सहापासून रांगेत पहिले. ज्याला नाटक बंद पाडायचं आहे तो आठही दिवसांची तिकिटं कशाला काढेल? शिवाय आणखी एक. पहिल्या वर्षी बाराव्या पायरीवर बसलेले खांबेटे दरवर्षी खाली खाली येत होते. दहावी, नववी, सातवी. आमचे दिग्दर्शक जोगळेकर म्हणायचे, "फौज पुढे सरकतेय. एक दिवस स्टेजवर चढून घड्याळ दाखवेल." यंदा त्यांनी पहिल्या पायरीचं, अगदी मधलं तिकीट घेतलं. ते पाहून जोगळेकरांनी कपाळाला हात लावला आणि आम्ही ठरवलं की आता पुरे.

शेवटच्या दिवशीचं नाटक नेहमी तेच असतं, एक जुनं पाच अंकी. त्याच्या अखेरीस सरदाराची विधवा किल्ल्याच्या बंद दरवाज्यापुढे उभी राहून वीस मिनिटं एकटी बोलते. दहाचा सगळ्यात मोठा घोळ दरवर्षी तिथेच व्हायचा. आम्ही त्या वीस मिनिटांची तीन मिनिटं केली. नाटक दहाच्या आत संपणार. ही बातमी खांबेट्यांना द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा होता.

दारावर पाटी होती: "घंटा एकदाच वाजवावी. ऐकू येते." मी एकदा वाजवली. कोणी येईना. पाच मिनिटं थांबून पुन्हा वाजवली. चौथ्या घंटेला दार उघडलं आणि खांबेटे म्हणाले, "वाचता येत नाही का? एकदाच वाजवायची."

मी आत बसून बातमी सांगितली. ती त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, "कोणता भाग कापलात?"

"शेवटचं भाषण. दरवाज्यापुढचं."

चेहरा पडला. मला हवा होता त्याहून कितीतरी जास्त पडला. ते उठून खिडकीशी गेले, परत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ते कापू नका."

नऊ वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि मागताना 'नोंद असावी' म्हटलं नव्हतं. ज्या वीस मिनिटांवरून आमची इतकी वर्षं लढाई चालली होती ती वीस मिनिटं त्यांनाच हवी होती.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांच्या कार्यालयातली मंडळी हौशी नाटकं करायची, त्यात हेही एक. तेव्हा कुठला माईक. तालमीला एक माणूस शेवटच्या रांगेत बसवायचा, आणि आवाज पोचला नाही की त्याने रुमाल वर करायचा, असा त्यांच्या दिग्दर्शकाचा दंडक होता. रुमाल वर झाला की नटाने दोन पावलं पुढे येऊन वाक्य पुन्हा म्हणायचं. मोजमापाचा माणूस म्हणून हे काम खांबेट्यांकडे आलं. विधवेचं काम करायला टंकलेखन विभागातल्या एक बाई होत्या, सुधा. पुढे त्या सुधा खांबेटे झाल्या. आठ-दहा वर्षं त्यांनी हेच काम गावोगाव केलं. त्यांना जाऊनही आता दहा वर्षं झाली होती.

"तिचा आवाज पोचायचा का?" मी विचारलं.

"अहो चिटणीस, रस्त्यापर्यंत पोचायचा."

"मग रुमाल?"

खांबेटे लाजले. सत्त्याहत्तर वर्षांचा, जावक क्रमांक घालणारा माणूस माझ्यासमोर कानापर्यंत लाल झाला. "वर करायचो. म्हणजे ती दोन पावलं पुढे यायची, माझ्याकडे बघायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची. खोटी तपासणी. नोकरीत एकदाही केली नाही, तिथे रोज केली."

ते पुढे बोलत राहिले. माईक आला आणि बाई इथे उभी, आवाज मात्र दोन बाजूंच्या खोक्यांतून, असं होऊन बसलं. आमच्याकडे दहा वाजले की खोकी बंद होतात, आणि आवाज पुन्हा माणूस उभा असतो तिथून येतो. "तेवढ्यासाठी येतो मी. तिकीट त्या वीस मिनिटांचं काढतो. बाकीचं आपलं ऐकतो."

"आणि पायऱ्या? दरवर्षी पुढे?"

"कान थकले. पोचेना, तसा पुढे आलो."

मी यंत्र बसवून घ्यायला सुचवलं. ते जुने खांबेटे होऊन म्हणाले, "कानात कर्णा घालून बिनकर्ण्याचं नाटक ऐकू? काहीतरीच सांगता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा पहिली रांग. त्याच्यापुढे रांग नाही."

घरी येताना मला स्वतःची लाज वाटत होती. मी त्या माणसाचा चेहरा बघायला गेलो होतो.

भाषण परत घातलं. जोगळेकर भडकले, मी ऐकलं नाही. विधवेचं काम यंदा मुग्धा करणार होती. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, शिफ्ट संपवून स्कूटरवरून तालमीला यायची, हेल्मेटचे वळ कपाळावर घेऊन. ती म्हणाली, "सर, माईक ऑफ झाल्यावर लास्ट रो-पर्यंत कशी पोचणार मी? इम्पॉसिबल आहे." मी तिला दंडक समजावून सांगितला आणि पंधरा दिवस बाराव्या पायरीवर रुमाल घेऊन बसलो. पहिल्या दिवशी माझा हात खाली आलाच नाही. पंधराव्या दिवशी तो वर गेला नाही. खांबेट्यांबद्दल तिला मी काही सांगितलं नव्हतं.

शेवटचा दिवस. मी बाराव्या पायरीवर, खांबेटे पहिल्या पायरीवर आपल्या नावाच्या उशीवर. पाचवा अंक लागला. मुग्धा दरवाज्यापुढे आली. दहाला दोन मिनिटं. एक मिनिट. मी खांबेट्यांच्या पाठीकडे बघत होतो. दहा वाजले.

ते उठले नाहीत.

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून एक मिनिट. नऊ वर्षं या माणसाने एकदा तरी बसून राहावं म्हणून मी फक्त नवस बोलायचा बाकी ठेवला होता, आणि आता तो बसून होता तर मलाच बसवेना. मी अर्धगोल पायरीच्या टोकाला सरकून बाजूने पाहिलं तेव्हा कळलं. त्यांची मान ताठ होती, नजर मुग्धाच्या ओठांवर होती, आणि ती नजर घड्याळाकडे वळवायची त्यांना सोय नव्हती. वळवली असती तर वाक्य हुकलं असतं. ते कानांनी ऐकत नव्हते.

मग मीच उठून उभा राहिलो. "दहा वाजले. नोंद असावी."

तीनशे माना वळल्या. चिटणिसाने आपलंच नाटक अडवावं हे लोकांना झेपेना. विंगेतून जोगळेकर माझ्याकडे असे बघत होते की पुढच्या बैठकीत माझं काय होणार ते मला तिथेच कळलं. माईक बंद झाला, मी खाली बसलो. खोकी गप्प झाली. टेकडीवरचा वारा तेवढा ऐकू येऊ लागला.

मुग्धाने श्वास घेतला आणि म्हणाली, "दार उघडा. मी निरोप घ्यायला आले आहे."

बाराव्या पायरीवर मला शब्द न् शब्द आला. आणि त्याच वेळी अगदी पुढे, तिच्यापासून पाच-सहा हातांवर, एक पांढरा रुमाल वर झाला.

मुग्धा गांगरली. शेवटच्या पायरीवर माझे हात मांडीवर होते आणि पहिल्या पायरीवर रुमाल, हे तिच्या हिशोबात कुठे बसेना. मग सांगितल्याप्रमाणे दोन पावलं पुढे आली, अगदी कडेला, त्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. खूप मोठ्याने, खूप सावकाश. लोकांना वाटलं नाटकातच आहे.

रुमाल खाली आला.

नाटक संपल्यावर लोक पांगले. खांबेटे उशी काखेत धरून पायरीवरच उभे होते. मी जवळ गेलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "दुसऱ्यांदा पोचला का आवाज?"

त्यांनी रुमालाची घडी घातली, ती कडेला कड जुळली की नाही बघितलं आणि खिशात ठेवली.

"चिटणीस," ते म्हणाले, "तिच्या वेळचे सगळे रुमाल खोटे होते. आजचा खरा. नोंद असावी."