सुमंगलाबाईंच्या गोष्टींचा सर्व्हर

सुमंगलाबाईंच्या बाराव्याला सकाळी वीज गेली, आली, आणि त्यांच्या मुलाचा, गौरेशचा, सर्व्हर काही सुरू होईना. पार्से गावातल्या घरच्या त्या लिनक्स संगणकावर आईने बालवाडीतल्या मुलांसाठी घरीच बसून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी होत्या, तिच्याच आवाजात. धाकट्या बहिणीला, गौरवीला, मस्कतहून वेळेत येता आले नव्हते. आईचे पान वाढताना तिचा आवाज तरी ऐकव, एवढेच तिने भावाकडे मागितले होते.

"काय म्हणता तो?" शेजारच्या बाबलीने संगणकाकडे बोट दाखवत विचारले.

"ऐंशी नंबराच्या दारात दुसरोच कोणतरी बसलो आसा म्हणता," गौरेश म्हणाला.

संगणकाला बाहेरच्यांसाठी अशी दारे असतात, आणि एका दारात एकच राखणदार, म्हणजे एकच सर्व्हर, उभा राहू शकतो. हा दुसरा कोण? चुलतभाऊ प्रथमेशने मान खाली घातली.

"परवा जुनो बंद दिसलो, म्हणून मियां नवो सर्व्हर बसयलंय."

"माका विचारूक काय झाला?"

"सुतकाच्या घरात कोणाक विचारतत? काम दिसला की करूचा!"

ते खरेच होते. पेज, पाणी, लाकडे, सगळे न विचारताच आले होते. गौरेशने नवा सर्व्हर बंद केला. तो लगेच उठून पुन्हा दारात बसला.

"पडलो तर आपणच उठात, अशी सोय केलंय," प्रथमेश पुटपुटला. "तुका त्रास नको म्हणून."

ती सोय मोडली. जुना सर्व्हर सुरू झाला, पण गोष्टी उघडायला परवानगी नाही म्हणू लागला. आता बाबली खाकरला.

"चुकून कोणी पुसतीत म्हणून मियां कुलूप लावलंय. न विचारताच."

आत पान वाढून झाले होते. फोनवर गौरवी वाट बघत होती. कुलूप निघाले आणि माजघरात आवाज घुमला, "तर मुलांनो, कोल्हो गेलो काजीच्या झाडाखाली..." तिकडे गौरवीचा हुंदका ऐकू आला. गोष्ट मध्येच थांबली आणि रेकॉर्डिंगमध्ये आईने नवऱ्याला हाक मारली. "अहो, दुधाकडे बघा हां, उतू जाईल!"

माजघरात जमलेली मुले हसली. गौरेशचे बाबा सगुणराव मात्र "बघतंय गो" म्हणत उठले आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेले. मग कोणीच हसले नाही. कोल्हा पुढे निघाला, तरी ते परतले नाहीत.

"दादा, बाबा खंय गेले?" गौरवीने विचारले.

गौरेशने स्वयंपाकघराकडे पाहिले.

"दुधाकडे," तो म्हणाला.