घड्याळात झोपणारे थोरातकाका

आमच्या शेजारचे थोरातकाका कुठल्याही काट्याला आधी टिचकी मारतात आणि मगच तो वाचतात. मासळीवालीचा तराजू असो, डॉक्टरांचं ब्लडप्रेशरचं यंत्र असो, नाहीतर गॅस एजन्सीच्या पोऱ्याच्या हातातला वजनकाटा असो, टिचकी ठरलेली. एकदा माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा चौकशीला आलेल्या काकांनी थर्मामीटरलाही टिचकी मारली. तो फरशीवर पडून फुटला. "कच्चा होता," असं म्हणून काका घरी गेले आणि संध्याकाळी नवा थर्मामीटर घेऊन आले. त्यालाही आमच्यासमोर टिचकी मारून झाली.

ही सवय नोकरीतली. बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. टाक्यांवरची, पाइपांवरची गेजं खरं सांगतात की नाही हे तपासणं त्यांचं काम. काटा अडकला असेल तर टिचकीनं सुटतो म्हणे. मूळचे कराडकडचे, पण गावी गेले तर दोन दिवसांत कंटाळून परत येतात, कारण तिकडे कुणी त्यांना काही तपासू देत नाही. "दाखवतंय खरं, पण आहे का तसं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या बिल्डिंगमध्ये आता लहान मुलंसुद्धा प्रगतिपुस्तक दाखवताना हे वाक्य म्हणतात.

असल्या माणसाला त्यांच्या मुलीनं, शिल्पानं, झोप मोजणारं घड्याळ भेट दिलं.

त्याचं झालं असं, की रिटायर झाल्यापासून काकांची झोप उडाली. वर्षानुवर्षं तीन पाळ्यांत काम केलेलं शरीर. त्याला रात्र कुठली आणि दिवस कुठला हेच समजेनासं झालं असावं. त्यांनी बंगळुरूला शिल्पाला फोन केला की मला रात्रभर डोळा लागत नाही. शिल्पानं लगोलग घड्याळ पाठवलं. काका ते मनगटावर बांधून आडवे झाले, नेहमीप्रमाणे जागे राहिले, आणि सकाळी घड्याळाचे आकडे आपल्या मोबाइलवर बघून शिल्पाचा मेसेज आला: "बाबा, काय मस्त झोपलात! मी उगाच घाबरले."

तिथून काकांचं आणि घड्याळाचं भांडण सुरू झालं.

मी वाणगावच्या शाळेत शिकवते. सकाळी आमच्या गेटपाशी स्टेशनच्या रिक्षाची वाट बघत उभी असते, आणि काका मला तिथे गाठतात. "बाई, हे बघा," असं म्हणून मनगट माझ्या नाकासमोर धरतात. "गाढ झोप म्हणतंय. मी छताकडे बघत होतो हो!"

त्यांचं म्हणणं मला इतक्या वेळा ऐकून पाठ झालंय. घड्याळाला झोप दिसत नाही. त्याला हालचाल समजते आणि नाडी समजते. माणूस हलत नाही, नाडी संथ चाललीय, म्हणजे झोपला असणार असा ते अंदाज करतं. जो पडल्या पडल्या घोरायला लागतो त्याच्याबाबतीत हा अंदाज बरा जमतो. पण जो डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहतो, त्यालाही ते झोपेतच धरतं. "पाइपातून पाणी येत नाही, बाई. आता पंप बंद आहे की पाइप चोंदलाय? गेज दोन्हीला शून्यच दाखवणार!"

हे सगळं मला पटण्यासारखं वाटायचं, पण सकाळी सकाळी कोण पटवून घेणार? मी "हो का" म्हणून रिक्षाकडे बघायची. बाकीच्यांनी तर त्यांची टरच उडवली. डॉक्टरांनी मनगटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "काका, माझ्यापेक्षा छान झोपता तुम्ही." गेटवर बोंबील घेऊन येणारी वासंतीमावशी म्हणाली, "काका, झोप नाय येत तर आमच्या बोटीवर या. आमाला जागा मानूस पायजेच हाय." यावर सगळे हसले आणि काकाही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना गोळी नको होती, औषध नको होतं. एका तरी माणसानं म्हणायला हवं होतं की हो, तुम्ही जागे असता. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर प्लांट चालू-बंद व्हायचा, त्याच्यापेक्षा आता मनगटावरच्या पट्ट्याचं म्हणणं जास्त खरं ठरत होतं.

गंमत म्हणजे हे भांडण फक्त गेटपाशी चालायचं. काकू गॅलरीत आल्या की काका एकदम शेवग्याच्या शेंगांवर बोलायला लागायचे. मला वाटायचं, काकूंना घाबरतात. तशा काकू कडक आहेत. काकांचा संध्याकाळचा चहा त्यांनीच बंद केला होता.

मी एकदा सोपा उपाय सुचवला. "काका, जाग असली की उठा ना. घरात दोन फेऱ्या मारा. घड्याळाला आपोआप समजेल."

"उठायचं?" काका दचकले. "छे छे. गुडघे धरतात माझे." हा माणूस रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत येतो.

मग त्यांनी खात्यातली रीत काढली. प्रत्येक कारखान्यात एक गेज डबीत जपून ठेवलेलं असतं, मास्टर गेज. ते बरोबरच दाखवणार हे गृहीत धरायचं आणि बाकीची त्याच्याशी ताडून बघायची. तसा झोपेचा मास्टर हवा, म्हणजे ज्याच्या झोपेबद्दल शंकाच नाही असा माणूस. काकांच्या मते असा माणूस घरातच होता. "आमची ही! उशीला डोकं टेकलं की संपलं. रात्रभर कूस बदलत नाही." चार्जिंग किती टिकतं ते बघायचंय, अशी थाप मारून त्यांनी ते घड्याळ काकूंच्या हाती बांधलं.

दुसऱ्या दिवशी काका गेटवर अक्षरशः फुललेले होते. "बाई, पास! सलग गाढ झोप. म्हणजे चांगल्या झोपणाऱ्यावर हे बरोबर चालतं. खोटं बोलतं ते फक्त माझ्यासारख्यावर. सिद्ध झालं!" शिल्पालाही त्यांनी हे कळवलं. तिचं उत्तर आलं, "बाबा, आई छान झोपते आणि तुम्हीही छान झोपता. यात सिद्ध काय झालं?"

त्या रविवारी मी काकूंबरोबर गच्चीवर सांडगे घालत होते. सहज चेष्टेनं म्हटलं, "काकू, तुमच्या झोपेला सर्टिफिकेट मिळालंय म्हणे."

काकू पिठाचा हात तसाच धरून हसल्या. "कसली झोप, गं! टक्क जागी होते मी. घड्याळ हाताला रुतत होतं, आणि शेजारी हे जागे."

"ते जागे असतात हे तुम्हाला माहितीये?"

"न कळायला काय झालं? झोपले की हे घोरतात. घोरणं नाही म्हणजे जागे. लाकडासारखे पडून असतात, श्वाससुद्धा जपून घेतात. मग मीपण तशीच पडून राहते."

मला हसू आवरेना. एका पलंगावर दोन माणसं रात्रभर जागी, दोघंही निश्चल, आणि घड्याळाच्या हिशेबी दोघंही ढाराढूर. शिवाय काकांचं मास्टर गेजच बिघडलेलं! "अहो, मग सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "जगात त्यांच्यावर कुणीतरी विश्वास ठेवतंय एवढं तरी कळू दे."

दोन-तीन सांडगे घालून काकू बोलल्या. "नाईट शिफ्ट लागली की आठवडाच्या आठवडा मी एकटी असायची. पोरीला कुशीत घेऊन दाराच्या कडीकडं बघत पडायचं. कंपनीकडून अपघाताचा भोंगा ऐकू आला आणि यांची पाळी असली, की हे घरी येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. आता जागे का असेनात, शेजारी तर असतात. मी जागी असते हे कळलं तर 'तुझी झोप मोडते' म्हणून उशी घेऊन हॉलमध्ये जातील. नको गं. तू पण बोलू नकोस."

मी नाही बोलणार म्हटलं. पुढचे सांडगे माझ्या हातून जरा वाकडेच पडले.

सोमवारी काका गेटवर नेहमीसारखे मनगट पुढे करून आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "काका, तुम्ही जागे असता. मला पटलंय."

काकांची इतक्या दिवसांची तयारी, आणि समोरून वाद घालायला कुणी नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. "खरंच?" त्यांनी विचारलं. खरंच, मी म्हटलं. त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले.

तेवढ्यात रिक्षा आली. मी बसले तरी काका दांडी धरून उभेच होते. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं, तिथे कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"पण बाई, हिला बोलू नका हं. मी जागा असतो हे कळलं तर बिचारी माझ्या काळजीनं जागी राहील. एवढी छान झोप लागते तिला."

मी नाही बोलणार म्हटलं.