पट्ट्यावर ठेवलं ते सोडलं

रस्त्याकडेच्या गवताबद्दल कुणाला काही शंका असेल तर त्याने सरळ नेव्हिल पॅस्कोचं दार वाजवावं. हे नेव्हिलचंच मत. आणि दार कुणी वाजवलं नाही, तर तो स्वतः बाहेर येऊन सांगायचा!

"हे बघा, फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधला हा हिरवा पट्टा आपल्या दारापुढे असला तरी आपला नाही," तो सुरू व्हायचा. "जमीन नगरपालिकेची, गवतही नगरपालिकेचं. कापायचं मात्र आपण! वाढलं तर दंड आपल्याला, हौसेनं काही लावलं तरी दंड आपल्यालाच. हक्क काही नाही, जबाबदारी सगळी!"

"म्हणजे लग्नासारखंच की," त्याची बायको ग्लेनिस आतून म्हणायची.

नेव्हिल जन्मभर नळदुरुस्ती करून निवृत्त झाला होता. आता शेजाऱ्यांचे नळ धो धो वाहिले तरी त्याला ऐकू येत नसत, पण कुणाच्या गाडीचं चाक इंचभर गवतावर चढलं की हा हजर! चार घरं पलीकडच्या किरियाकू आजींनी एकदा आपल्या दारापुढच्या पट्ट्यावर टोमॅटो लावले, तर ह्याने नगरपालिकेला फोन केला. माणसं आली आणि लाल व्हायला आलेल्या टोमॅटोसकट रोपं उपटून घेऊन गेली. आजी तेव्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी ही ग्रीक बाई गप्प कशी, याचं नेव्हिलला नवलसुद्धा वाटलं नाही.

पण त्याचा सगळ्यात लाडका नियम होता मोठ्या कचऱ्याच्या आठवड्याचा. नगरपालिकेचे ट्रक यायच्या आधी लोक मोडकी कपाटं, गाद्या, जुने टीव्ही आपापल्या पट्ट्यावर आणून टाकतात. ट्रकच्या आधी कुणाला त्यातलं काही आवडलं तर त्याने खुशाल उचलून न्यावं, कुणी काही म्हणत नाही.

"पट्ट्यावर ठेवलं ते सोडलं!" नेव्हिल बजावायचा. ह्याच नियमाने त्याने कोपऱ्यावरच्या कॉलेजच्या पोरांची चांगली चालती सायकल घरी आणली होती. पोरं बिचारी ती धुवायला बाहेर ठेवून साबण आणायला आत गेली होती!

तर यंदा तो आठवडा आला तेव्हा ग्लेनिस हॉस्पिटलात होती. खुब्याचा सांधा बदलला होता. शुक्रवारी दुपारी तिची बहीण बेरिल तिला घरी आणून सोडणार होती. रोज फोनवर ग्लेनिसचा एकच प्रश्न.

"नेव्ह, माझी खुर्ची अजून तिथेच आहे का रे?"

"तिथेच! मी असताना कोण हात लावतोय तिला?"

"हं," ग्लेनिस म्हणायची, आणि एक लांबलचक सुस्कारा सोडायची. नेव्हिलला अगदी भरून यायचं. केवढा जीव बाईचा त्या खुर्चीवर!

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ती खुर्ची त्याने स्वतः पसंत करून आणली होती. हिरव्या मखमलीची, बसकी, ऐसपैस आणि इतकी मऊ की बसलेलं माणूस शोधावं लागे. उठायची वेळ आली की ग्लेनिस हाक मारायची, "नेव्ह, हात दे रे!" आणि हातातलं काम टाकून नेव्हिल हात द्यायचा. ती हाक बंद पडल्यापासून घर त्याला खायला उठलं होतं. ग्लेनिस येईल, आपल्या खुर्चीत बसेल आणि हाक मारेल, ह्याच आशेवर गडी दिवस ढकलत होता.

शुक्रवार उजाडला आणि नेव्हिल आधी पट्टा बघायला बाहेर धावला. पाइप टाकायला नगरपालिकेने काही दिवसांपूर्वी त्याचा पट्टा खणला होता. तिथे त्याने नवीन बी पेरलं होतं आणि ते आता कुठे बोटभर उगवलं होतं. आणि रस्त्यावर तर जत्रा! ज्याला त्याला फुकटचं फर्निचर हवं, ज्याची त्याची गाडी गवतावर. ग्लेनिस घरी येईल ती काय चिखल बघायला? छे! पहारा द्यायलाच हवा.

त्याने प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर मांडली. अर्ध्या तासात पाठ धरली. मग त्याची नजर हिरव्या मखमलीकडे गेली. आता कुणी म्हणेल, अरे शहाण्या, ह्या आठवड्यात? पट्ट्यावर? पण नेव्हिलकडे त्याचंही उत्तर तयार होतं. खुर्चीत मालक बसलेला असताना ती सोडलेली कशी? कायदा स्वच्छ होता! कुथत, धापा टाकत त्याने ती बाहेर आणली, कडेच्या जुन्या गवतावर झाडाखाली मांडली आणि आत बुडाला. वा! काय सुख!

डोक्यावर मात्र आइस्क्रीमचा रिकामा डबा. वेड लागलं म्हणून नव्हे. वसंतात ह्या गल्लीतल्या मॅगपाय पक्ष्याला घरट्याची काळजी लागते आणि तो येणाऱ्या जाणाऱ्याच्या टाळक्यावर चोच मारतो. डब्याला मागच्या बाजूने दोन डोळे रंगवले की पक्षी फसतो, असं सगळेच म्हणतात. पक्ष्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. तो सुसाट आला आणि त्याने डब्यावर टक्कन अशी चोच हाणली की नेव्हिलच्या कानात घंटा वाजल्या!

"मेलो!" नेव्हिल खुर्चीतून सुटायची धडपड करू लागला. हात द्यायला कोणी नाही! शेवटी तो कुशीवर लोळून खाली पडला, चार पायांवर उठला आणि घरात पळाला. दाराच्या फटीतून बघतो तर पक्षी तारेवर बसून वाटच बघतोय. आत आलोच आहोत तर चहा टाकावा, असा साधा विचार त्याने केला. त्यानंतर कप घेऊन तो बाहेर आला.

पट्टा होता. झाड होतं. पक्षी होता. खुर्ची नव्हती!

नेव्हिलच्या हातातला कप तिथेच पडला. "चोर! चोर!" ओरडत तो डब्यासकट रस्त्यावर धावत सुटला. कोपऱ्यावरच्या कॉलेजच्या पोरांच्या दारात मखमलीचे हिरवे धागे दिसले तसा त्याने दार बडवायला सुरुवात केली. टॉबिन नावाचा पोरगा डोळे चोळत बाहेर आला.

"माझी खुर्ची काढ! हिरवी!"

"ती होय? आणली होती काका. स्केटबोर्डवरून. पण दारातून आत जाईना, म्हणून परत आमच्या पट्ट्यावर ठेवली."

"मग कुठाय?"

टॉबिनने बाहेर मान काढून बघितलं. "अय्यो, गेली की!"

"अरे, पण ती माझी होती! मी फक्त आत गेलो होतो!"

"साबण आणायला का?" टॉबिन गोड हसला. "पट्ट्यावर ठेवलं ते सोडलं, काका. आमची सायकल बरी चालते ना?"

नेव्हिल पाय ओढत परत आपल्या दाराशी आला. बेरिलची गाडी कुठल्याही क्षणी येईल. ग्लेनिस वॉकर धरून आत शिरणार, खिडकीपाशी बघणार आणि विचारणार. काय सांगणार तिला? तुझी खुर्ची मी गवत राखायला बाहेर नेली, म्हणून? त्याला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात समोरून एक ट्रेलर जोडलेली गाडी आली. भंगार गोळा करणारा रेनाटो! ट्रेलरवर कपाटं, पलंग आणि एका कोपऱ्याला, देवा रे, हिरव्या मखमलीची एक चिंधी अडकलेली! नेव्हिलने डबा काढून हवेत फिरवला आणि थेट गाडीपुढे उडी घेतली.

"थांब! थांब! थांब!"

आता डोळे रंगवलेला डबा नाचवत एक म्हातारा अंगावर आला तर कुणीही गाडी वळवेल. रेनाटोनेही वळवली. कचाकच ब्रेक लागले आणि गाडी, ट्रेलर, कपाटं, सगळा लवाजमा नेव्हिलच्या बोटभर उगवलेल्या गवतावर चढला! दोन चाकोऱ्या अशा खोल पडल्या की त्यात कोंबडी बसली असती.

"काय राव! जीव द्यायचाय का?" रेनाटो खिडकीतून ओरडला. त्याच्या हातात काहीतरी खायचं होतं आणि मिशांवर पापुद्र्यांचा चुरा.

नेव्हिलने गवताकडे बघितलंच नाही. जन्मात पहिल्यांदा! "खुर्ची! हिरवी खुर्ची कुठाय?"

"दिली की. एक आजी आडव्या आल्या. म्हणाल्या, ही ओळखीची आहे, मला दे. मी म्हटलं, फुकट नाही. तर त्यांनी हे दिलं." रेनाटोने हातातला तुकडा वर केला. पालक, खारं चीज आणि कागदासारखे पापुद्रे. गल्लीत असला वास एकाच घरातून यायचा.

नेव्हिलने डबा पुन्हा डोक्यावर घातला आणि तो त्या घराकडे धावला.

किरियाकू आजी आपल्या व्हरांड्यात बसल्या होत्या. कशात, ते सांगायला नकोच. पाय जमिनीला टेकत नव्हते, तोंडावर मोठा प्रसन्न भाव होता.

"ये, नेव्हिल, ये पोरा. डोक्यावर काय आहे तुझ्या?"

त्याने डबा काढला. "आजी, ती ग्लेनिसची खुर्ची आहे."

"होती."

"आजी, ती आज घरी येतेय!"

"ठाऊक आहे मला. मीच काल सूप घेऊन गेले होते हॉस्पिटलात. तू कुठे होतास? गवताला पाणी घालत?" आजींनी मखमलीवरून हात फिरवला. "पट्ट्यावर ठेवलं ते काय रे, पोरा? मला नीट आठवत नाही. तूच म्हण."

"सोडलं," नेव्हिल पुटपुटला.

"जोरात!"

"सोडलं! आजी, पाया पडतो तुमच्या, काय वाट्टेल ते मागा!"

आजी बहुधा ह्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी भिंतीशी बोट दाखवलं. ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं ओळीने डोलत होती. "उन्हाळा लागायच्या आधी, नोव्हेंबरातल्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या आत ही जमिनीत जायला हवीत. माझ्या अंगणात ऊन नाही. माझ्या पट्ट्यावर नगरपालिकेची नजर आहे. तुझा पट्टा काय झकास उन्हात आहे!"

"माझा? पण नियम..."

"तक्रार करणारा गल्लीत तू एकटा. स्वतःचीच करणार आहेस का?" आजी खुर्चीत आणखी आत रुतल्या. "विचार कर. मला घाई नाही."

नेव्हिलने विचार केला नाही. रेनाटोच्या चाकोऱ्या आयत्या होत्याच. आजी काठी टेकत हुकूम सोडत राहिल्या, "खोल! अजून खोल! हळू, मुळं आहेत ती, नळ नव्हेत!" आणि नेव्हिल गुडघ्यावर बसून, ज्या गवतासाठी एवढं रामायण झालं ते उपटून, एकेक रोप लावत गेला. वरून पक्षी मधूनमधून टक्कन हाणून जायचा. शेवटचं रोप लागलं तेव्हा कुठे, गाडी बाजूला घेऊन गंमत बघत थांबलेल्या रेनाटोने आणि त्याने मिळून खुर्ची घरात आणली. नेव्हिलने ती झटकली, पुसली आणि खिडकीपाशी बरोब्बर जुन्या जागी ठेवली. दारात बेरिलचा हॉर्न वाजला.

ग्लेनिस वॉकर टेकत हळूहळू आत आली. नेव्हिलने छाती फुगवून खुर्चीकडे हात केला. "बघ! तिथेच आहे!"

"आहे खरी," ग्लेनिस म्हणाली. तोच लांबलचक सुस्कारा!

पाठोपाठ बेरिल आली, हातात एक उंच, ताठ, हातांची खुर्ची घेऊन.

"हे काय?" नेव्हिलने विचारलं.

"माझी नवी खुर्ची," ग्लेनिस म्हणाली. "बसक्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. नवा खुबा निखळेल म्हणे."

"मग... ही?"

ग्लेनिसने बेरिलकडे बघितलं, मग नवऱ्याच्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे. "नेव्ह, रागावू नकोस. तू एवढ्या हौसेनं आणलीस, म्हणून कधी बोलले नाही. पण त्या मेलीतून मला एकटीला एकदाही उठता आलं नाही रे! रोज फोनवर विचारत होते, अजून तिथेच का, तिथेच का. म्हटलं मोठ्या कचऱ्याचा आठवडा आहे, ह्या माणसाला आपणहून काही सुचतंय का!"

नेव्हिल मटकन खाली बसला. कशात, ते त्याला बसल्यावर कळलं. तो आत बुडाला.

"म्हणजे आता तू मला हाक नाही मारणार?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मारणार की! पायात मोजे कोण घालणार माझ्या, बेरिल?" ग्लेनिसने नव्या खुर्चीत ताठ बसत हात पुढे केला. "ये, आधी तूच ऊठ. हात दे."

संध्याकाळच्या आत नेव्हिलने ती खुर्ची पुन्हा बाहेर ओढली आणि टोमॅटोच्या शेजारी ठेवली. अजून कंबर सरळही झाली नव्हती, तोच चार घरं पलीकडून आवाज आला.

"नेव्हिल! सोडली ना रे?"

"सोडली, आजी."

आजी बाजाराची ढकलगाडी घेऊन तयारच होत्या. खुर्ची गाडीवर चढवायलाही नेव्हिललाच हात लावावा लागला. थोडं पुढे जाऊन आजी थांबल्या आणि वळल्या.

"रोज पाणी घाल हं, पोरा! टोमॅटो माझे, पण पट्टा तुझ्या दारापुढचा!"