शिंप्याला का मारलंत?

दातांच्या डॉक्टरांनी बाईंच्या हिरडीत बधिर करायची सुई टोचली, आणि मगच विचारलं, "शिंप्याला का मारलंत?"

बाईंचे डोळे पांढरे झाले. बाई लेखिका. त्यांची कादंबरी साप्ताहिकात दर रविवारी थोडी थोडी छापून येई. तिच्यात एक शिंपी आणि एक बेकरीवाला प्रेमात पडून एकत्र संसार थाटतात. पहिल्याच भागाला संपादकांचे हातपाय गार पडले. "बाई, वाचक आपल्याला फाडून खातील! दोघांतला एक उडवा." बाईंनी चार महिने तग धरला आणि कालच्या भागात, डोळे घट्ट मिटून, शिंप्याला ट्रकखाली घातलं.

"अंपाअक..." बाई म्हणाल्या. 'संपादक' म्हणायला जीभ जागेवर नव्हती.

"अपघात? तो वाचला आम्ही!"

हे ऐकून बाहेरच्या बाकावरचे आजोबा भांडायचं म्हणून कवळी बसवूनच आत घुसले. "पहिल्या भागाला शिव्यांचं पत्र मीच धाडलं होतं!"

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"मग दुसरा वाचला ना! आमटीत मीठ कुणी जास्त घातलं, यावरून भांडतात दोघं. अगदी मी आणि आमची ही. ती गेल्यापासून घरात भांडण ऐकलं नव्हतं हो. आता तेही मारलंत?"

'मी नाही, मी नाही,' म्हणून बाई जोरजोरात मान हलवू लागल्या.

"मेला नाही म्हणतायत!" आजोबा बाहेर बसलेल्यांना ओरडून म्हणाले. बाहेर टाळ्या पडल्या. कुणी फोन फिरवले कोण जाणे, पण दाढ निघेपर्यंत संपादकांचाच फोन आला. डॉक्टरांनी तो बाईंच्या कानाला लावला.

"बाई, शिंपी वाचला ना? नक्की? कालपासून आमच्या सासूबाईंनी अबोला धरला होता, आत्ता कुठे चहा मिळाला! ट्रकखाली हवं तर मला घाला, पण त्याला जगवा!"

बाईंना हसायचं होतं. अर्धंच तोंड हसलं.

डॉक्टर त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आम्हीही दोघं आहोत. पंधरा वर्षं. शेजारी भाऊ-भाऊ समजतात. रविवारी तो मोठ्यानं वाचतो, मी भाजी चिरत ऐकतो. काल मधेच थांबला आणि उठून आत गेला."

बाईंचे डोळे भरून आले. "आभाई आए," त्या कशाबशा म्हणाल्या.

डॉक्टरांना ते बरोबर कळलं.

"आम्हीसुद्धा," ते म्हणाले.